ठळक, कोनदार फॉन्टमध्ये मराठी मोडतंय? कुठून तपासायला सुरुवात करायची

लक्षणं आधी लिहितो, कारण उपाय लक्षणावरून ठरतो. बहुतेक जण मात्र काही बिघडलं की थेट दुसरा फॉन्ट शोधायला धावतात.

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे 'मिरवणूक' टाइप केलं आणि पडद्यावर 'मरिवणूक' उमटलं. पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, 'शुभेच्छा'मधला अर्धा च पाय मोडून 'शुभेच्‌छा' असा उभा राहतो, 'हार्दिक'मधला रफार डोक्यावर न चढता र् होऊन शेजारी बसतो. दुसरं लक्षण म्हणजे मराठीऐवजी इंग्रजी मुळाक्षरं आणि चिन्हांची गिचमिड. तिसरं, बाकी ओळ नीट, पण एखाद्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन किंवा मात्रेजवळ ठिपक्यांचं वर्तुळ. चौथं, शिरोरेषा दर अक्षराला तुटलेली.

यापुढची लक्षणं खास ठळक आणि कोनदार अक्षरांची आहेत. ष, क्ष, ढ, घ यांची पोटं शाईने भरून जातात. अक्षराला बॉर्डर दिली की कोपऱ्यांतून काटे बाहेर येतात. पडद्यावर सगळं सुरेख असतं, पण रेडियम, म्हणजे चिकटवायची रंगीत शीट, कापून आलं की प्रत्येक अक्षराच्या जोडावर एक आडवातिडवा काप दिसतो. आणि शेवटचं, जे कुणी तक्रार म्हणून सांगतच नाही: काहीही मोडलेलं नसतं, तरी रस्त्यावरून जाणारा माणूस 'धनकवडी'ला 'घनकवडी' वाचतो.

पुण्यात हे सगळं गणपतीच्या आधीच्या महिन्यात एकदम उफाळतं. मंडळांचे फ्लेक्स, अहवाल, पावती पुस्तकं, ढोल-ताशा पथकांचे टी-शर्ट आणि ध्वज, सगळ्यांना जाड, टोकदार, जोर असलेलं अक्षर हवं असतं, आणि ते बरोबरही आहे. ढोलाच्या आवाजाला शोभेल असं अक्षर तेच. पण साध्या मजकुराच्या बारीक फॉन्टमध्ये जी चूक डोळ्यांआड होते, ती दोन फूट उंचीच्या सरळ कापलेल्या अक्षरात लपत नाही. म्हणून खालचा क्रम. फुकटच्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर.

तोच मजकूर दुसऱ्या फॉन्टात आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये

बिघाड चारपैकी एका ठिकाणी असतो: मजकुरात, प्रोग्राममध्ये, फॉन्टमध्ये किंवा फाइल बाहेर पाठवताना. कुठे आहे ते दोन मिनिटांत कळतं.

बिघडलेली ओळ निवडा आणि तिला विंडोजबरोबर येणारा निर्मला यूआय लावा. जुना संगणक असेल तर मंगल लावा. ओळ सुधारली, तर दोष तुमच्या निवडलेल्या फॉन्टमध्ये किंवा त्यावर केलेल्या सजावटीत आहे. नाही सुधारली, तर तीच ओळ कॉपी करून ब्राउझरच्या शोधपट्टीत टाका. आजचे सगळे ब्राउझर देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवतात, त्यामुळे तिथे ओळ बरोबर दिसली तर मजकूर निर्दोष आणि दोष तुमच्या डिझाइन प्रोग्रामचा किंवा त्यात केलेल्या सजावटीचा. तिथेही मोडलेली दिसली, तर दोष मजकुरातच. मग जगातला कुठलाही फॉन्ट लावा, ती ओळ सुधारणार नाही.

एवढं केल्याशिवाय पुढे जाऊ नका. यात पैसा लागत नाही आणि नंतरचा अर्धा दिवस वाचतो.

हाताने केलेली सजावट काढून टाका

शिरोरेषा तुटली असेल तर पहिला संशय अक्षरांतल्या अंतरावर घ्या. इंग्रजी मथळ्याला अंतर वाढवून भारदस्तपणा आणतात, आणि तीच सेटिंग मराठी ओळीला तशीच लागून जाते. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींना नेमक्या टेकाव्यात, किंचित एकमेकींवर चढाव्यात, अशा मापाने फॉन्ट बनवलेला असतो. त्या मापात बाहेरून भर घातली की रेषा तुटणारच. अंतर शून्यावर आणा. ओळ दोन्ही बाजूंनी ताणून बसवली असेल तर तेही काढा, कारण काही प्रोग्राम जागा भरण्यासाठी शब्दांबरोबर अक्षरांमधलं अंतरही वाढवतात. वेबसाइटवर मथळा तुटत असेल तर तिथली लेटर-स्पेसिंग शून्य करा, काम झालं.

पोटं भरत असतील तर बी हे बटण बघा. ज्या फॉन्टला स्वतःचं ठळक वजन, म्हणजे वेगळी आखलेली जाड आवृत्ती, नाही, त्याला बी दाबल्यावर बरेच प्रोग्राम बाह्यरेषा सगळीकडून सारखी फुगवतात. हे खोटं बोल्ड. अक्षर बनवणारा माणूस ठळक वजन आखतो तेव्हा ष चा तिरका दांडा बारीक करतो, क्ष ची गाठ मोकळी करतो, ढ ची आतली पोकळी रुंद ठेवतो. म्हणजे बाहेरून जाडी वाढते, आतून श्वास राहतो. प्रोग्रामला यातलं काही कळत नाही. तो सगळं सारखंच फुगवतो, आणि कोनदार अक्षरात पोकळ्या मुळातच अरुंद असल्यामुळे त्या आधी बुजतात. उपाय एकच: फॉन्टच्या ज्या कुटुंबात खरं बोल्ड किंवा त्याहून जाड ब्लॅक आहे ते घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको, खंड, राजधानी आणि सरपंच हे चारही चौकटीच्या, सरळ रेषांच्या वळणाचे आहेत. त्यांत ठळक वजनं आहेत आणि सरपंच तर ब्लॅकपर्यंत जातो. चारही खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात, व्यावसायिक कामालाही चालतात.

तिसरी सवय ताणण्याची. आठ कार्यकर्त्यांची नावं एका पट्टीत बसवायची म्हणून अक्षर आडवं दाबलं जातं. आडवं दाबल्यावर उभे काने बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. सगळा तोल उलटा होतो आणि ओळ छपराखाली दबल्यासारखी दिसते. खंड आणि तेको मुळातच अरुंद आखलेले आहेत, त्यांना दाबण्याची गरजच पडत नाही. तरीही नावं बसत नसतील तर अक्षर लहान करा किंवा दोन ओळी करा. नाव दाबलेलं कुणालाच आवडत नाही.

ओळींमधलं अंतरही इथेच बघून घ्या. 'मूर्तींची' या शब्दात दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तीन चिन्हं एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात. त्याच्या वरच्या ओळीत 'कुटुंब' असेल तर तिचे उकार खाली लोंबतात आणि दोन्ही भिडतात. इंग्रजी मथळ्याला ओळी चिकटवलेल्या शोभतात, मराठीला नाही. मोबाइलवरच्या प्रोग्राममध्ये किंवा व्हिडिओच्या टायटलमध्ये वरचा रफार चक्क कापला जातो, तेव्हाही कारण बहुधा हेच असतं: चौकटीची उंची इंग्रजी अक्षराच्या मापाने ठरलेली.

मजकूर कुठून आला

आता मजकुराकडे. गिचमिड दिसत असेल तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप झालेला आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी एका फॉन्टात २५६ जागा असायच्या. त्यात इंग्रजी मुळाक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धा च एका जागी, रफार दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, आकृती, सी-डॅकचे डीव्हीबी फॉन्ट, प्रत्येकाची मांडणी वेगळी. पुणे या कामाचं मोठं केंद्र होतं. सी-डॅकची स्थापना इथे १९८८ साली झाली आणि श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेकही इथलीच. त्या फॉन्टांनी मराठी छपाई संगणकावर आणली, त्यामुळे पेठांमधल्या अनेक प्रेसमध्ये अजूनही जुने अहवाल, जुन्या वर्गणीदारांच्या याद्या त्याच मांडणीत पडून आहेत. तो मजकूर नव्या युनिकोड फॉन्टला दिला की त्याला फक्त इंग्रजी चिन्हं दिसतात, कारण फाइलमध्ये खरंच तीच साठवलेली आहेत.

अशा वेळी फॉन्ट बदलून उपयोग नाही, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. कन्व्हर्टर मोफत मिळतात. मात्र रूपांतर झाल्यावर रफार आणि पहिली वेलांटी असलेला प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घाला. जुन्या मांडणीत रफार अक्षरानंतर आणि वेलांटी अक्षराआधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये क्रम बरोबर उलटा आहे. ही अदलाबदल करताना जोडाक्षर मध्ये आलं की कन्व्हर्टर चुकतो. नावांमध्ये चुकला तर मंडळाचा अख्खा अहवाल पुन्हा छापावा लागतो.

ठिपक्यांचं वर्तुळ दिसत असेल तर मात्रेला टेकायला अक्षर मिळालेलं नाही. टाइपरायटरची सवय असलेले वेलांटी आधी दाबतात आणि अक्षर नंतर, तिथे हे होतं. दुसरं कारण अधिक लबाड आहे. 'आ' हे एक अक्षर म्हणून न लिहिता 'अ' आणि काना असं दोन तुकड्यांत लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी दोन्ही सारखंच दिसतं, पण काही प्रोग्राम मध्ये वर्तुळ घालतात. 'ओ'चंही तसंच. ते अक्षर पुसून सरळ कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा.

रिकामा चौकोन सगळ्यात जास्त वेळा 'ॲड.' या शब्दात सापडतो. वकिलांचं नाव नसलेला शुभेच्छा फलक पुण्यात दुर्मीळ, म्हणून हे अक्षर महत्त्वाचं. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी बनलेल्या आणि नंतर सुधारणा न झालेल्या फॉन्टात ते नसतंच. लोक मग 'अ'वर वेगळा चंद्र लावून वेळ मारून नेतात. त्यातून काही ठिकाणी चंद्र बाजूला सरकतो आणि काही ठिकाणी तेच ठिपक्यांचं वर्तुळ येतं. फॉन्टात 'ॲ' नसेल तर तो फॉन्ट मराठी फलकाच्या कामाचा नाही, असं मी स्पष्ट सांगतो.

'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरकही इथेच तपासा. पहिल्यातला र आडव्या केसासारखा य च्या आधी बसतो, दुसऱ्यात रफार डोक्यावर चढतो. 'सिंहगडाच्या दऱ्या' असं लिहायचं असताना गडावर समुद्र आणून चालणार नाही. हिंदीला हे चिन्ह लागत नाही, म्हणून फक्त हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या सजावटी फॉन्टात ते कधी कधी राहून गेलेलं असतं.

प्रोग्राम जोडाक्षर जुळवतोय का

युनिकोडमध्ये 'मि' लिहिताना आधी म साठवला जातो, मग वेलांटी. वेलांटी उचलून म च्या आधी दाखवणं, र् चा रफार करून शेवटी डोक्यावर चढवणं, च् आणि छ एकत्र आणून जोडाक्षर घडवणं, ही कामं प्रोग्रामने करायची असतात. प्रोग्रामने ती केली नाहीत की 'मरिवणूक' होते. फॉन्ट निर्दोष असतो.

इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडा. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय भाषांचे पर्याय दाखवायची खूण करा, मग तिथेही वर्ल्ड-रेडी कंपोझर मिळतो. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत हे आपोआप होतं. मधल्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' आणि त्याहून जुन्यांत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असा पर्याय आहे. बदल केल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा आणि नव्या फाइलमध्ये तपासा. जुन्या फाइलमधली ओळ जुनीच मांडणी धरून बसते आणि सेटिंग लागलीच नाही असं वाटतं.

कोरलड्रॉमध्ये २०१२ च्या एक्स६ पासून ओपनटाइप आणि जटिल लिप्यांची सोय आली. फ्लेक्सच्या दुकानांत त्याहून जुन्या आवृत्त्या अजून चालतात. तिथे सेटिंग शोधत बसू नका. ओळ इंकस्केपमध्ये लिहा, तो मोफत आहे आणि देवनागरी नीट जुळवतो. तिथेच तिचे पाथ करा, म्हणजे अक्षरांचं नुसत्या आकारांत रूपांतर करा, आणि एसव्हीजी किंवा पीडीएफ म्हणून कोरलमध्ये आणा. व्हिडिओच्या ज्या प्रोग्राममध्ये मराठी मोडतं तिथेही हाच मार्ग: मथळा बाहेर बनवा, पारदर्शक पीएनजी करून आत आणा.

भाषेची सेटिंगही इथे बघा. मराठीचा पाकळीचा ल आणि हिंदीत चालणारा दंडाचा ल वेगळे आहेत, श चंही तसंच. काही फॉन्टात दोन्ही रूपं असतात आणि ओळीची भाषा 'मराठी' ठेवली तरच मराठी रूप येतं. वेबपानावर लँग या गुणधर्मात 'एमआर' लिहावं लागतं. ल हिंदी वळणाचा आला म्हणून वाचताना अडत नाही, पण पुण्यातल्या मराठी शाळेच्या फलकावर तो परका दिसतो आणि मला तो खटकतो.

फॉन्टची परीक्षा

फॉन्ट विकत घेण्याआधी किंवा मंडळाला दाखवण्याआधी त्यात एकच ओळ लिहून बघा:

ॲड. मूर्तींची मिरवणूक, हार्दिक शुभेच्छा, राष्ट्र, बुद्धी, वाङ्मय, दऱ्या, ज्ञान, क्षेत्र, शृंगार, हृदय, ढोल, बाळ

या ओळीत बहुतेक अवघड जागा येतात. 'राष्ट्र'मध्ये ष, ट, र तिघे एका घडणीत बसतात. 'वाङ्मय'मधला ङ कित्येक सजावटी फॉन्टात नसतो. 'ळ' तर मराठीचा खास, आणि दोन गोल पोटं सरळ रेषांत बसवताना आखणाऱ्याची कसोटी लागते. ळ चांगला जमला असेल तर बाकीचा फॉन्ट बहुधा विश्वासाचा असतो. ओळीत एखादंच अक्षर मोडलं आणि तुमच्या कामात ते येतच नसेल, तर खुशाल वापरा. नावांच्या यादीसाठी मात्र नको, यादीत उद्या कुठलं आडनाव येईल सांगता येत नाही.

परवानाही वाचा. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असं लिहिलेला फॉन्ट मंडळाच्या विकल्या जाणाऱ्या टी-शर्टवर चालत नाही.

बॉर्डर आणि कोपऱ्यातले काटे

हा दोष गोल अक्षरात जवळजवळ येत नाही, कोनदार अक्षरात येतोच. जाड पिवळ्या अक्षराला काळी बॉर्डर दिली की टोकदार कोपऱ्यातून काटा निघतो, कधी वरच्या ओळीत घुसतो.

कारण भूमितीचं आहे. दोन रेषा कोपऱ्यात भेटतात तेव्हा प्रोग्राम त्यांच्या बाहेरच्या कडा एकमेकींना मिळेपर्यंत लांबवतो. याला मायटर म्हणतात. ९० अंशांच्या कोपऱ्यात या मायटरची लांबी रेषेच्या जाडीच्या साधारण १.४ पट असते, ६० अंशांत दुप्पट आणि ३० अंशांत जवळजवळ चौपट. कोन जितका धारदार, तितका काटा लांब. प्रोग्राममध्ये मायटर लिमिट नावाची मर्यादा असते आणि तिच्यापलीकडे गेलेला कोपरा एकदम कापला जातो. त्यामुळे एकाच शब्दात एका अक्षराला काटा आणि शेजारच्याला बोथट कोपरा, असं विचित्र दृश्य दिसतं.

लिमिट कमी करून सगळेच कोपरे बोथट करता येतात, पण मग कोनदार अक्षर निवडण्याचा अर्थच जातो. मला पुढची रीत बरी वाटते. आधी अक्षरांचे पाथ करा, सगळी अक्षरं एकजीव करा, मग इलस्ट्रेटरमध्ये ऑफसेट पाथ किंवा कोरलमध्ये कॉन्टूर वापरून बाहेरची एक वेगळी आकृती काढा आणि ती मागे ठेवा. आता काटे दोन-चारच उरतात आणि ते नोड धरून हाताने आखूड करता येतात.

साधी बॉर्डरच ठेवायची असेल तर ती भरणाच्या, म्हणजे अक्षराच्या आतल्या रंगाच्या, मागे पाठवा. बॉर्डर कडेच्या दोन्ही बाजूंना पसरते, निम्मी आत आणि निम्मी बाहेर. आतली निम्मी अक्षराच्या पोकळ्या खाते. आधी खोटं बोल्ड काढून वाचवलेली पोटं इथे पुन्हा बुजतात.

कर्व्ह, वेल्ड आणि मग रेडियम

फाइल दुकानात उघडल्यावर जाड अक्षराच्या जागी साधं बारीक अक्षर आलं, तर तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नाही आणि त्याने मंगल किंवा निर्मला लावला. म्हणून 'कर्व्ह करून द्या', म्हणजे अक्षरांचे पाथ करून द्या, असं ऑपरेटर सांगतात, ते ऐका. पण मूळ, टाइप करता येईल अशी फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. कर्व्ह झाल्यावर एक नाव बदलायचं म्हटलं तरी सगळी ओळ नव्याने करावी लागते, आणि छपाईच्या आदल्या रात्री नाव बदलत नाही असं मंडळ मी पाहिलेलं नाही.

नुसते कर्व्ह फ्लेक्सला पुरतात, रेडियमला पुरत नाहीत. शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून शेजारची अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात, हे वर आलंच आहे. छपाईत एकाच रंगावर एकच रंग पडतो, जोड दिसत नाही. रेडियम कापणाऱ्या प्लॉटर मशीनचं पातं मात्र रंग बघत नाही, ते प्रत्येक बाह्यरेषेवरून फिरतं. चढलेल्या जागी दोन रेषा असतात, म्हणून तिथे दोन काप पडतात आणि शिरोरेषेचे तुकडे होऊन सोलताना निघून येतात. पथकाच्या ध्वजावर नाव चिकटवताना हे कळलं तर पूर्ण पट्टा वाया जातो.

उपाय सोपा आहे. कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं निवडून कोरलमध्ये वेल्ड, म्हणजे एकजीव, करा, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट. मग भरण काढून फक्त केसाएवढी बाह्यरेषा ठेवा आणि मोठं करून बघा. शब्दाची बाहेरची एक सलग रेषा आणि आतल्या पोकळ्या, एवढंच दिसलं पाहिजे. शिरोरेषेच्या आत कुठेही उभी रेषा दिसली तर पाठवू नका. व्हेरिएबल फॉन्टात, म्हणजे सगळी वजनं एकाच फाइलमध्ये असलेल्या फॉन्टात, एकाच अक्षराचे भागही एकमेकांवर चढलेले असू शकतात. छपाईत जोडावर पांढरा ठिपका आला तर बहुधा कारण तेच, आणि वेल्डने तोही जातो.

स्टेन्सिल कापून रंग मारायचा असेल तर गोष्ट उलटी. तिथे प, ष, व, ब यांच्या आतली पोकळी सुटी होऊन पडते. तिला धरून ठेवणारी बारीक पट्टी प्रत्येक अक्षरात हाताने सोडावी लागते.

एक मीटरवरून वाचा

छापण्याआधीची शेवटची तपासणी, खर्च एका प्रिंटचा. दहा फूट रुंद फ्लेक्स एकविसांश करून ए४ कागदावर छापा. तो साधारण साडेचौदा सेंटिमीटर रुंद येतो. कागद भिंतीला लावा आणि एक मीटरवरून वाचा. एकवीस मीटरवरून मोठा फ्लेक्स डोळ्याला जेवढा दिसतो, तेवढाच तो इथे दिसतो. टिळक रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वाराचं अंतर साधारण असंच असतं.

इथे ते शेवटचं लक्षण पकडता येतं. देवनागरीतल्या कित्येक जोड्या एका छोट्या गाठीवर किंवा वळणावर वेगळ्या होतात. ध आणि भ यांच्या डाव्या बाजूला गाठ असते आणि शिरोरेषा तिथे थांबते, घ आणि म यांच्यावर ती अखंड जाते. थ आणि य यांतही फरक तेवढाच. ब आणि व यांत एक तिरकी रेघ, ष आणि प यांतही तीच. बोरूने लिहिताना ही गाठ सहज वळते. सरळ रेषांच्या जाड अक्षरात तिला जागाच उरत नाही, ती एक चौकोनी खाच होऊन राहते आणि लांबून बुजते. मग औंधचं औंघ, भोसरीचं मोसरी, थेऊरचं येऊर, बाणेरचं वाणेर, वाघोलीचं वाधोली होतं.

म्हणून माझी दुसरी परीक्षेची ओळ पुण्याच्या नकाशावरून येते: औंध, धनकवडी, भोसरी, थेऊर, बाणेर, वाघोली, खडकी. शेवटचं नाव ख साठी, कारण वाईट आखणीत तो 'रव' वाचला जातो. घरातल्या दुसऱ्या कुणाला ती वाचायला सांगा, कारण तुम्हाला काय लिहिलंय ते आधीच माहीत आहे. वाचणारा क्षणभर अडखळला तरी फॉन्ट त्या आकाराला चालणार नाही. एक वजन खाली उतरा, ब्लॅकऐवजी बोल्ड घ्या, पोकळ्या उघडतील. तेवढ्याने भागलं नाही तर कोनदार अक्षर फक्त मोठ्या नावापुरतं ठेवा आणि पत्ता, वेळ, कार्यकर्त्यांची नावं साध्या फॉन्टात लावा. सगळा फलक एकाच जोरकस अक्षरात असला की त्यातला जोरही जातो.

दुकानाची पाटी असेल तर आणखी एक गोष्ट मोजा. २०२२ च्या सुधारणेनंतर महाराष्ट्रातल्या दुकानांच्या पाटीवरचं मराठी नाव दुसऱ्या लिपीतल्या नावापेक्षा लहान असून चालत नाही. एकाच पॉइंट साइजला देवनागरी अक्षराचं अंग इंग्रजी कॅपिटलपेक्षा लहान दिसू शकतं. आकडा सारखा ठेवून थांबू नका, छापलेल्या कागदावर पट्टी लावून शिरोरेषेपासून कान्याच्या तळापर्यंतची उंची मोजा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

फॉन्टातच जोडाक्षर चुकीचं घडत असेल तर फॉन्टची फाइल उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. एक जोडाक्षर सुधारताना आतले नियम बिघडतात आणि दुसरी चार मोडतात, शिवाय बऱ्याच परवान्यांत बदल करायला मनाई असते. ज्याने फॉन्ट बनवला त्याला चुकलेला शब्द आणि प्रोग्रामची आवृत्ती लिहून कळवा. चांगले फॉन्टकार अशा पत्रांची दखल घेतात.

संस्थेचं किंवा पथकाचं कायमचं नाव हवं असेल तर फॉन्ट ताणून, तोडून बोधचिन्ह बनवू नका. अक्षर रेखाटणाऱ्या माणसाकडे जा. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी प्रत्येक नावाला वेगळं अक्षर दिलं, आणि ती नावं लोक दुरून आकारावरून ओळखत. चार-पाच अक्षरांच्या नावाला हाताने रेखाटलेलं अक्षर जे देतं ते तयार फॉन्ट देऊ शकत नाही, आणि वर्षानुवर्षं वापरायच्या गोष्टीला तो खर्च रास्त आहे.

जुन्या मांडणीतला शंभर पानांचा अहवाल किंवा स्मरणिका रूपांतरित करायची असेल तर कन्व्हर्टरवर विसंबू नका, मुद्रितशोधक नेमा. पितळी, ॲक्रिलिक किंवा दगडात कोरायची अक्षरं असतील तर कापण्याआधी त्या कामाच्या माणसाकडून फाइल तपासून घ्या, कारण तिथे दुसरा प्रयत्न महाग पडतो. आणि वेल्ड केलेली, एकसलग रेषेची फाइल देऊनही कोपरे फाटत असतील किंवा कडा दातेरी येत असतील, तर अक्षराशी झगडणं सोडा. प्लॉटरचं पातं बोथट झालंय किंवा त्याचा दाब चुकलाय. ते काम मशीन दुरुस्त करणाऱ्याचं आहे.